पोलोची दुसरी चाकं: सप्टेंबर ते जानेवारीच्या नोंदी

१४ सप्टेंबर

माझ्या फोक्सवॅगन पोलोचे, फेब्रुवारीत मद्रासच्या शर्यतीच्या ट्रॅकवर वापरलेले टायर आज शेडमधून काढून उन्हात नीट पाहिले. डाव्या पुढच्या टायरच्या बाहेरच्या खांद्यावरून शेंगदाण्याएवढे रबराचे तुकडे उडालेत. मधल्या भागात मात्र अजून सहा मिलिमीटर नक्षी आहे. टायर संपलेला नाही, फाटलाय. रस्त्याच्या टायरची नक्षी पावसासाठी खोल कापलेली असते. ट्रॅकवर वीस मिनिटं रगडलं की नक्षीचे ठोकळे डुलायला लागतात, डुलून तापतात आणि तापले की कडा सोडतात.

डावाच का, तेही उघड आहे. मद्रासचा हा इरुंगट्टुकोट्टैचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, १२ वळणांचा, आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने चालवायचा. वळणं जास्त करून उजवीकडची, त्यामुळे गाडीचा भार डाव्या बाजूवर पडतो. त्यात पोलोचं इंजिन पुढे, ताकदही पुढच्याच चाकांना. बिचारा डावा पुढचा एकटाच सगळ्यांचं ओझं वाहतो.

ठरवलं. ट्रॅकसाठी वेगळी चार चाकं, सेमी-स्लिकसकट. शेडच्या भिंतीवर खडूने तीन अटी लिहून ठेवल्या. सव्वा लाखाच्या आत. चारही चाकं गाडीतच मावली पाहिजेत, कारण नागपूरहून तिथवर अकराशे किलोमीटर आहेत आणि ट्रेलर नाही. आणि तिसरी, टायर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकला पाहिजे. पहिल्या तीन फेऱ्यांत वाघ आणि मग शेळी, असा नको.

२० सप्टेंबर

सेमी-स्लिक म्हणजे रस्त्यावर कायदेशीर ठरण्यापुरत्या खाचा ठेवलेला शर्यतीचा टायर. खाचा कमी, ठोकळे मोठे, रबर मऊ, आणि बाजूची भिंत कडक. टायरच्या भिंतीवर ट्रेडवेअरचा आकडा असतो, तो अमेरिकी पद्धतीचा. १०० हा संदर्भ टायर, २०० म्हणजे त्या चाचणीत त्याच्या दुप्पट टिकणारा. घरच्या गाड्यांचे टायर ३०० च्या पुढे असतात. पण चाचणी ज्याची तो कारखानाच घेतो, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे एका तराजूत घालण्यात अर्थ नाही.

२०५/५० आर १५ मापात (रुंदी २०५ मिलिमीटर, भिंतीची उंची तिच्या ५० टक्के, चाक १५ इंची) जे बनतात त्यांची यादी केली. योकोहामा ॲडव्हान ए०५२, आकडा २००. टोयो प्रॉक्सेस आर८८८आर, १००. नानकांग एआर-१, ८०. नानकांग एनएस-२आर, जो १२० आणि १८० अशा दोन रबरांत येतो.

ए०५२ लवकर तापतो आणि पहिल्या फेरीपासून चिकटतो. घड्याळ लावून मारलेल्या एका जलद फेरीसाठी त्याचं नाव घेतात ते उगाच नाही. पण चेन्नईच्या दुपारी, शिकाऊ हातात, वीस मिनिटं सलग? माझ्या मते तो आपल्या हवेचा टायर नाही. एआर-१ ला तापायला वेळ लागतो पण तापल्यावर तग धरतो. एनएस-२आर दोघांपेक्षा संथ आणि स्वस्त. आज मन एआर-१ कडे झुकलंय.

२७ सप्टेंबर

आधी चाक की आधी टायर, यावर चहाच्या दोन फेऱ्या झाल्या. चाक आधी. चाकाचा व्यास ठरला की टायरची यादी आपोआप कापली जाते.

माझ्या गाडीला कारखान्यातून १६ इंची अलॉय आणि १९५/५५ टायर आहेत. १५ इंचीवर उतरायची कारणं तीन: सेमी-स्लिक स्वस्त पडतात, चाक हलकं होतं, आणि मागची सीट पाडली की चारही आत बसतात. हिशेब असा: मूळ टायरचा बाहेरचा व्यास ६२१ मिलिमीटर, २०५/५० आर १५ चा ५८६. म्हणजे साडेपाच टक्के लहान. गाडी साडेसतरा मिलिमीटर खाली बसणार, काटा १०६ दाखवेल तेव्हा खरा वेग १०० असणार, आणि सगळे गिअर थोडे आखूड होणार. शेवटचं मला हवंच आहे, एक लिटरच्या इंजिनाला वळणातून बाहेर पडताना ते बरं. सक्करदऱ्याच्या गतिरोधकांवर मात्र ही चाकं लावून जायचं नाही.

मूळ चाक टायरसकट तोलायचं होतं. घरातल्या वजनकाट्याचा भरवसा नाही, म्हणून इतवारीत धान्याच्या ओळखीच्या काकांकडे गेलो. त्यांनी तुरीच्या पोत्याशेजारी चाक ठेवून दिलं.

"हे काय तोलून राहिला बाप्पा? भंगारात द्याचं आहे का?"

१७.२ किलो. नुसतं रिम नंतर टायरवाल्याकडे काढून तोललं, ८.८. हे लिहून ठेवतोय कारण बाजारात 'लाइटवेट' म्हणून विकली जाणारी अर्धी चाकं याच्याहून जड निघतात. दुकानात जाताना मासळीवाल्याकडे असतो तसा हुकाचा काटा घेऊन जावं. दुकानदार नाराज होतात, होऊ द्यावेत.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

काम काही नाही. नवा टॉर्क पाना (मोजून कसणारा), हवेचा काटा आणि जॅक पूजेला मांडले. आईने टॉर्क पान्याला कुंकू लावलं ते दात्यांत गेलं. उद्या दीक्षाभूमीकडचे रस्ते बंद, त्यामुळे परवापर्यंत सुट्टी.

११ ऑक्टोबर

पुण्याहून चाकं आली. वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामातून स्वतः उचलली. १५ × ७ इंच, पीसीडी ५ × १०० (पाच बोल्ट, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर), ईटी ३५, फ्लो-फॉर्म्ड (कडा दाबून-फिरवून पातळ केलेली), एका हाताची वापरलेली. एक रिम ६.१ किलो. चारही उलटी करून आतल्या कडा नखाने तपासल्या. जेडब्ल्यूएलची (जपानी मानकाची) खूण ओतीव उठावाची आहे, नंतर कोरलेली वाटत नाही. खूण कोणीही ओतू शकतो हे खरं, पण वजन, कडांची सफाई आणि आधीच्या मालकाकडची जुनी पावती यांचा मेळ बसला.

ईटी म्हणजे रिमच्या मधल्या रेषेपासून हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर. आकडा जितका लहान तितकं चाक बाहेर येतं. ३५ ला मडगार्डच्या ओठापासून सहा मिलिमीटर आत राहतंय, पट्टी लावून पाहिलं. चाललं.

खरी भीती कॅलिपरची, म्हणजे ब्रेकच्या जबड्याची होती. १५ इंची चाक पोलोच्या ब्रेकवरून जातं, पण आऱ्यांचा आतला बाक प्रत्येक डिझाइनचा वेगळा. यासाठी विकत मिळणारी माती नव्हती, म्हणून स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा आणला. कॅलिपरच्या बाहेरच्या अंगावर थापला, चाक चढवलं, दोन बोल्ट हाताने कसले, एक फेरा हळू फिरवला, परत काढलं. कणीक जिथे सर्वांत पातळ दबली होती तिथे काडी खुपसून मोजली: साडेचार मिलिमीटर. तीनपेक्षा जास्त आहे, पुरे.

आई दारातून पाहत होती. "पोळ्यांच्या कणकेचं गाडीला काय काम? नैवेद्य दाखवून राहिला का?"

रिमचं मधलं भोक ७३.१, पोलोच्या हबचं ५७.१. मधली फट भरायला रिंग लागते. पुणेकराने प्लास्टिकच्या दिल्या होत्या. ब्रेक तापल्यावर त्यांचं काय होतं ते ठाऊक आहे, ॲल्युमिनियमच्या मागवल्या.

१९ ऑक्टोबर

आजची नोंद लांब होणार.

रिंगा आल्या. जुने रस्त्याचे १५ इंची टायर तात्पुरते चढवून घेतले आणि शहरातल्या एका दुकानात चाकं गाडीला बसवायला दिली. मी चहाला गेलो, ही माझी चूक. परत आलो तर हवेच्या गनने बोल्ट मारून गाडी खाली उतरवलेली.

"बसून गेले न बरोबर, भाऊ. कशाले टेन्शन घेता?"

बुटीबोरीपर्यंत जाऊन यायचं ठरलं होतं. जामठ्याच्या पुढे ऐंशीला स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर. बॅलन्सिंग असेल म्हणून गेलो तसाच. बुटीबोरीला थांबून पाना लावला तर डाव्या पुढच्या चाकाचे दोन बोल्ट पाव फेरा फिरले. पाच बोल्टांच्या चाकात दोन सैल.

हाताने कसून चाळीसच्या वेगाने घरी आलो आणि एक बोल्ट हातात घेऊन बसलो. फोक्सवॅगनचा मूळ बोल्ट एम १४ × १.५, आणि त्याच्या डोक्याखालची बैठक गोल, चेंडूच्या पाठीसारखी. बाजारातल्या बहुतेक अलॉयमधली बैठक ६० अंशांच्या शंकूची. आटे तेच, लांबी जवळपास तीच, पाना तोच. म्हणून कोणालाही वाटतं की बसला. बोल्टच्या गोलाईवर काळ्या मार्करने रंग दिला, रिमच्या भोकात घालून हाताने कसला, काढला. काळा रंग पूर्ण जागच्या जागी, फक्त केसाएवढ्या एका वर्तुळात पुसलेला. म्हणजे चेंडू शंकूला एका रेषेत टेकतोय. अख्खी पकड त्या एका रेषेवर. चाक तापलं, रेष दबली, ताण गेला, बोल्ट सैल.

दुकानदाराशी भांडायला जाणार होतो. पण त्याने वापरलेले बोल्ट माझ्याच डिकीतल्या डब्यातले होते आणि चाकंही मीच नेलेली. अर्धं भांडण तिथेच संपलं. उरलेलं अर्धं गनबद्दल आहे: टॉर्क पाना मागितला तर "तो मोठ्या गाड्यांसाठी" असं उत्तर मिळालं होतं.

२६ ऑक्टोबर

शंकूच्या बैठकीचे वीस बोल्ट आले. तोच मार्करचा प्रयोग. या वेळी शंकूची पूर्ण पट्टी पुसून चांदीसारखी निघाली, सात-आठ मिलिमीटर रुंद. १२० न्यूटन-मीटरला चांदणीच्या क्रमाने कसले. बुटीबोरीला जाऊन परत. एकही बोल्ट हलला नाही. थरथरही गेली, म्हणजे तीही बॅलन्सिंगची नव्हती.

श्रीखंडाचे दोन रिकामे डबे घेतले. लाल झाकणात शंकूचे, पांढऱ्यात गोल. शंकूचे बोल्ट मूळ चाकात घातले तर हीच चूक उलट्या बाजूने होईल.

९ नोव्हेंबर

टायरचा शोध. जून २०२० पासून गाड्यांच्या टायरची आयात मर्यादित यादीत आहे, परवाना लागतो, वर आयएसआयची खूण हवी. त्यामुळे सेमी-स्लिक दुकानात फळीवर सापडत नाहीत. कोणाकडे परवान्याने आणलेला किंवा जुना साठा उरला असेल तर मिळतात, आणि मग भाव तो म्हणेल तो.

दुसरा रस्ता शर्यतीच्या संघांनी वापरून काढलेल्या स्लिकचा, म्हणजे अजिबात खाचा नसलेल्या टायरचा. ते स्वस्त आहेत. पण रबर तापून गार होण्याच्या प्रत्येक फेऱ्यात थोडं कडक होतं. रबर दिसायला भरपूर असतं, चिकटपणा गेलेला असतो. शिवाय पाऊस आला तर गाडी बाजूला लावून भजी खात बसायचं. नको.

एआर-१ चे चार मिळत होते. व्हिडिओ कॉलवर भिंतीवरचे शेवटचे चार आकडे दाखवायला लावले. ते आठवडा आणि वर्ष सांगतात. टायर सहा वर्षांपूर्वीचे निघाले. विकणारा म्हणाला, "पॅक बंद होते." कुठे? गोदामात. गोदाम कुठे? आमच्याच विदर्भात, पत्र्याखाली. सहा उन्हाळे पत्र्याखाली काढलेल्या मऊ रबराला मी सोळा हजार देणार नाही.

शेवटी एनएस-२आर घेतले, १८० वाले, १४ महिन्यांपूर्वी बनलेले. भारांक, म्हणजे टायर किती भार पेलतो त्याचा आकडा, गाडीला पुरेसा. पहिल्या यादीत हा शेवटचा होता. ताजा संथ टायर शिळ्या जलद टायरपेक्षा बरा, एवढाच विचार केला. शिवाय माझ्या चुका आधी टायरच्या आवाजात ऐकू यायला हव्यात, एकदम गवतात गेल्यावर कळून उपयोग नाही.

२३ नोव्हेंबर

टायर चढले. कडक भिंतीमुळे मशीनवाल्याचे हात भरून आले. बॅलन्सिंगची वजनं चिकटपट्टीची, आणि ती कॅलिपरपासून दूर लावून घेतली. एक चाक टायरसकट १५.४ किलो, मूळपेक्षा १.८ कमी. रिममध्ये वाचवलेल्यातलं एक तृतीयांश टायरने परत घेतलं, हे अपेक्षित होतं.

परत येताना सिग्नलवर पोलीसमामा मागच्या टायरकडे बघत राहिले. नवा कोरा टायर त्यांना गोटा झालेला वाटला असणार. २०२३ मध्ये समृद्धीच्या तोंडाशी आरटीओची माणसं घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवत होती, तिथे गेलो असतो तर नक्षी किती उरली ते सांगणारी १.६ मिलिमीटरची खूण दाखवून वाद घालावा लागला असता.

१० डिसेंबर

अधिवेशन सुरू. मोर्चामुळे सीताबर्डीकडून जाता येईना, अलाइनमेंट पुढच्या आठवड्यावर. पोलोला पुढे कॅम्बर (चाकाचा उभा कल) जवळपास नाहीच आणि मूळ जागी तो बदलता येत नाही. सबफ्रेम (इंजिनाखालची चौकट) सैल करून जेवढा सरकतो तेवढा सरकवून घेऊ.

टायरचं तापमान मोजायला सुईचा थर्मामीटर घेतला. इन्फ्रारेडची पिस्तूल स्वस्त असते पण ती फक्त वरची कातडी वाचते, आणि पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांब्यात) येईपर्यंत ती गार होते. सुई रबरात दोन-तीन मिलिमीटर जाते. मोजण्याचं साधन चुकलं तर काय होतं ते नागपूरकरांना सांगायला नको. मे २०२४ मध्ये इथल्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. बरेच जण अजूनही ५६ च सांगतात.

२२ जानेवारी

पहाटे साडेपाचला निघालो, बाहेर ११ अंश. गाडीला रस्त्याची १६ इंची चाकं, सेमी-स्लिक मागे: दोन डिकीत, दोन पाडलेल्या सीटवर, मध्ये जुनी सतरंजी. हिंगणघाट, पांढरकवडा, आदिलाबाद, हैदराबादला मुक्काम. सेमी-स्लिकमध्ये हवा नागपुरात भरलीच नाही. दर दहा अंशांना साधारण दीड पीएसआय फरक पडतो, इथे भरलेला आकडा तिथे खोटाच ठरणार.

२३ जानेवारी

नार्केटपल्ली, अद्दंकी, ओंगोल, नेल्लोर. नेल्लोरच्या पुढे दमट हवा लागली. रात्री इडली, झोप.

२४ जानेवारी, ट्रॅक

सकाळी सावलीत चाकं बदलली, लाल झाकणाचा डबा, १२० ला कसले. हवा २९ अंश. चारही टायर २६ पीएसआय. गरम झाल्यावर ३२ च्या आसपास यावेत हा हिशेब.

पहिलं सत्र, १५ मिनिटं. पहिल्या दोन फेऱ्या जपून, तिसरीपासून टायर बोलायला लागले. रस्त्याचा टायर किंचाळून मग सोडतो. हा आधी कुरकुरतो, मग थोडा सरकतो, आणि पाय उचलला की परत धरतो. पिटमध्ये येताच मोजलं: डावा पुढचा ३४, उजवा पुढचा ३२.५, मागचे दोन्ही ३०. डाव्या पुढच्याचं तापमान बाहेर ९६, मध्ये ८८, आत ७४. बाहेर-आत बावीस अंशांचा फरक म्हणजे कॅम्बर अजून कमीच आहे, टायर खांद्यावर चालतोय. डाव्या पुढच्याची हवा ३२ वर आणली. सगळे बोल्ट परत तपासले. हलले नाहीत. तरी प्रत्येक सत्रानंतर तपासणार.

दुसरं सत्र. फेब्रुवारीपेक्षा चार सेकंदांनी कमी वेळ, आणि तेही न दमता. पाचव्या फेरीत लांब सरळ रस्त्याच्या शेवटी ब्रेकचं पेडल अर्धं खाली गेलं, ब्रेकचं तेल उकळलं होतं. टायर जास्त धरतोय म्हणून मी उशिरा आणि जोरात दाबत होतो, ती उष्णता कुठेतरी जाणारच. ब्रेकच्या डॉट ४ तेलाचा उकळबिंदू ताजं असताना किमान २३० अंश, ओलावा शोषल्यावर १५५ पर्यंतही चालतो. माझ्या गाडीतलं तेल दोन पावसाळे जुनं. टायरच्या सव्वा लाखाच्या हिशेबात आठशे रुपयांचं ब्रेक तेल राहिलं होतं. शेजारच्या पिटमधल्या चेन्नईच्या एका गृहस्थांनी बाटली दिली, पैसे घेईनात. दुपारी दोघांनी मिळून तेल बदललं. त्यांना मराठी येत नाही, मला तमिळ येत नाही, पेडल दाबा-सोडा एवढं खुणांनी भागलं.

चौथ्या सत्राला, भर दुपारी, टायर थोडे मऊ पडले. वेळ पाऊण सेकंदाने वाढली, पण शेळी झाली नाही.

२५ जानेवारी

सकाळी डावा पुढचा थंड असताना साडेचोवीस. काल गरम असताना सोडलेली हवा इथे दिसते. हा आकडा वर चढवायचा मोह झाला, चढवला नाही. गरम झाल्यावर बरोबर ३२ आला. तीन सत्रं, मग चाकं बदलून परतीला.

२८ जानेवारी

घरी टायरच्या नक्षीची खोली मोजली. डाव्या पुढच्याचा बाहेरचा खांदा दोन दिवसांत १.१ मिलिमीटर गेला, आतला जेमतेम ०.३. बाकी तीन टायर जवळपास नवे. तुकडा एकही उडालेला नाही. सस्पेन्शनचे वरचे माउंट बदलून कॅम्बर वाढवल्याशिवाय पुढच्या वेळी जायचं नाही, नाहीतर हा एकच टायर विकत घेत राहावा लागेल.

उन्हाळ्यात ठेवायचे कुठे? शेडच्या पत्र्याखाली तर नाहीच. काळ्या पिशव्यांत बांधून, तोंड बंद करून, दिवाणाखाली आडवे ठेवले. आई म्हणाली तिथे गाद्या असतात. गाद्या वर गेल्या. कोणतं चाक कुठलं ते पिशवीवर खडूने लिहिलंय, डाव्या पुढच्यावर दोन रेघा.